टोमॅटो जूनमध्ये नको, दिवाळीला लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जूनच्या सुरुवातीला आपल्या पुरवणीत ‘पाऊस आला, आता घरीच भाजी पिकवा’ अशा आशयाचा लेख आला होता. एखादं वर्तमानपत्र गॅलरीत, गच्चीत भाजी लावायला आग्रहाने सांगतं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्या लेखातल्या यादीत टोमॅटो, फ्लॉवर, पालक, मेथी आणि कोथिंबीर होती. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, पनवेल इथल्या वाचकांनी ती यादी तशीच्या तशी पाळली तर त्यांच्या हाती काही लागत नाही. हे मी दर पावसाळ्यात बघते, म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, तरी शक्यतो पूर्ण छापावं ही विनंती.

आमच्या समोरच्या इमारतीतल्या एका तरुण जोडप्याने तो लेख कापून फ्रिजवर लावला होता. त्यांनी ऑनलाइन एक तयार पेटीही मागवली. त्या पेटीत टोमॅटो, ब्रोकोली, लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीचं बी होतं, कोकोपीटच्या वड्या होत्या, चिमुकल्या कुंड्या होत्या. मृगाच्या पावसात दोघांनी मोठ्या हौसेने सगळं लावलं. रोपं वीतभर झाली आणि जुलैच्या झडीत आठवड्याभरात त्यांनी माना टाकल्या. ब्रोकोली गोगलगायींनी फस्त केली. ती मुलगी मला म्हणाली, “काकू, इथल्या हवेत काही होतच नाही, कुंड्या कुणाला हव्या असतील तर सांगा.” मला याचं फार वाईट वाटलं. हौस होती, मेहनत होती, ऊनही बऱ्यापैकी येणारी गॅलरी होती. फक्त महाबळेश्वरला शोभणारं बी खाडीकाठी, तेही ऐन जूनमध्ये, त्यांच्या हातात दिलं गेलं होतं.

आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुण्यात वर्षभरात ७०० ते ७५० मिलिमीटर. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आपण खाडीला लागून. पावसाळ्यात इथली रात्रही २५ अंशांच्या आसपासच असते. टोमॅटोला फळ धरायला रात्रीचा गारवा लागतो. तो मिळाला नाही की फुलं येतात आणि गळतात. शिवाय मुळं गरम, चिंब मातीत राहिली की मर रोग येतो. सकाळी ताठ असलेलं झाड दुपारी हिरवंगार असतानाच कोमेजतं आणि मग कितीही उपाय केले तरी उठत नाही. मेथी आणि कोथिंबीर तर पावसाच्या माराने मातीला चिकटून कुजतात. घाटावरच्या माणसाने घाटावरच्या अनुभवाने लिहिलेला लेख चुकीचा नसतो, पण तो आपल्यासाठी नसतो. आपल्या भागातल्या बागांबद्दल जे छापून येतं त्यातलं बरंचसं पुण्या-नाशिकच्या हवेवरचं असतं.

माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं. भात, मग वाल, थोडा पांढरा कांदा आणि घरामागे परस, अशी आमची शेती. लग्नानंतर ऐरोलीत आले. सिडकोचं बैठं घर, पुढे चिंचोळं अंगण, वर गच्ची. इथली माती म्हणजे भरावाचा मुरूम, कुदळ मारली की ठिणगी उडायची. ती मऊ व्हायला काही वर्षं पालापाचोळा, शेणखत आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा घालावा लागला. माती बदलता येते. पाऊस आणि ऊन यांचं वेळापत्रक मात्र अलिबागला होतं तेच इथे आहे, कारण तोच किनारा आणि तोच सह्याद्रीचा आडोसा. म्हणून मी आईच्या पद्धतीने, नक्षत्रं बघूनच लावत गेले आणि आजही तसंच करते.

परवा ऋषिपंचमी झाली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नेम. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं नको, परसात हाताने खणून जे पिकलं ते खायचं. अळू, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, मक्याचं कणीस, अंबाडी, कुठे चवळीच्या शेंगा, कुठे ओले शेंगदाणे. संपादक महोदय, ही यादी नीट वाचून बघा. त्यात टोमॅटो नाही, कोबी नाही, फ्लॉवर नाही, मेथी नाही. भाद्रपदात कोकणातल्या परसात जे खरोखर तयार असतं, नेमकं तेच त्या पातेल्यात पडतं. आता जानेवारीतल्या भोगीची भाजी आठवा. वांगी, पावटा किंवा वाल, घेवडा, गाजर, ओला हरभरा, वर तीळ. पूर्ण वेगळी यादी. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या भागात ज्याला घरी भाजी लावायची आहे त्याने या दोन भाज्या पाठ कराव्यात. ऋषीच्या भाजीत जे आहे ते रोहिणी-मृगात लावा आणि भोगीच्या भाजीतलं, त्याच्यासोबत टोमॅटो आणि पालेभाज्या, नवरात्र ते दिवाळी या काळात लावा. एवढं सांभाळलं तरी निम्मी निराशा टळेल.

पावसाळी वेलांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या हवेत सगळ्यात भरभरून देणारे तेच. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण बी त्याआधी, रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेनंतर टाकावं आणि पाऊस येईपर्यंत हाताने पाणी घालावं. मुसळधार सुरू होण्यापूर्वी वेलाला चार-पाच पानं आलेली असली की तो तग धरतो. धो धो पावसात टाकलेलं बी मातीतच सडतं. आळं खोल करू नये, उलट उंचवटा करून त्यावर दोन-तीन बिया टोचाव्यात. कुंडी असेल तर ती विटांवर ठेवावी, म्हणजे खालची भोकं बुजत नाहीत. शिराळं, कारलं, दुधी, पडवळ, काकडी, घोसाळं, यातलं काहीही एका मोठ्या ग्रो बॅगेत होतं. मात्र एका बॅगेत एकच वेल ठेवावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आपल्या हवेसाठी वाण काढलेले आहेत, कारल्याचा ‘कोकण तारा’, शिराळ्याचा ‘कोकण हरिता’. चकचकीत पाकिटातल्या परदेशी झुकिनीपेक्षा हे बी शोधावं. परसातलं जुनं बी मिळालं तर त्याहून चांगलं. दिवा गाव, गोठिवली, तळवली या आपल्या जुन्या गावांतल्या आगरी घरांत अजूनही काकडी-शिराळ्याचं बी राखेत घोळून ठेवलेलं असतं. मला तिथल्या एका आजींनी दिलेलं काकडीचं बी आजही चालू आहे.

वेलाला फुलं येतात पण फळ धरत नाही, अशी तक्रार मी सर्वांत जास्त ऐकते. झडीच्या दिवसांत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, हे त्याचं कारण. मग परागीकरण आपण करायचं. मादीफुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नरफुलाला नुसता बारीक देठ. नरफुल तोडून, पाकळ्या मागे वळवून, त्याचा पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. यात वेळेला फार महत्त्व आहे आणि हे कुठल्याच लेखात मी वाचलेलं नाही. काकडी, कारलं, लाल भोपळा आणि घोसाळं यांची फुलं पहाटे उमलतात, त्यांचं काम सकाळी आठ-नऊच्या आत उरकावं. शिराळं आणि दुधी मात्र संध्याकाळी उमलतात. नोकरीवरून घरी येणाऱ्या माणसांना म्हणूनच मी दुधी नाहीतर शिराळं लावायला सांगते. चहा ठेवण्याआधी गॅलरीत जाऊन दोन फुलं भेटवली की आठवड्या-दीड आठवड्यात भाजी हातात येते.

फळ धरलं की लगेच फळमाशी येते. कोवळ्या फळाला टोचून ती आत अंडी घालते आणि फळ एका बाजूने पिवळं पडून वाकडं होतं. औषध फवारायची गरज नाही. फळ बोटाएवढं झालं की त्यावर वर्तमानपत्राची किंवा जुन्या मलमलीची पिशवी बांधावी. वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यूल्युअरचा, म्हणजे नर माशीला वासाने ओढून घेणारा, सापळा मिळतो, तो टांगावा. आंब्याच्या फळमाशीचा सापळा वेगळा, त्यात मिथिल युजेनॉल असतं आणि तो भाजीच्या माशीला चालत नाही. दुकानदार पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा देतात, तेव्हा विचारून घ्यावा. किडकं फळ खताच्या डब्यात टाकू नये, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवावं, नाहीतर अळ्या तिथेच वाढून पुन्हा माश्या होतात.

ज्यांच्या गॅलरीत ऊन येत नाही त्यांनीही पावसाळ्यात हात बांधून बसू नये. अळू सावलीत होतं, बारा इंचांच्या कुंडीतही होतं. वडीचं काळ्या देठाचं आणि फतफत्याचं हिरव्या देठाचं, दोन्ही लावावीत. मेमध्ये पुरलेली हळद श्रावणात पातोळ्यांना पानं देते आणि पानं वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत गड्डे देते. एका झाडाचे असे दोन उपयोग, तेही अर्ध्या उन्हात. लाल माठाचं बी अगदी बारीक असतं. ते वाळूत मिसळून पातळ पेरावं आणि पहिले आठ दिवस पत्र्याखाली ठेवावं, पावसाच्या थेंबाने रोप मोडतं. महिन्याभरात भाजी खुडायला येते. एक सूचना सर्वांना. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवाव्यात. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात, आणि बाग करणाऱ्यांमुळे डास झाले असं म्हणायची वेळ सोसायटीवर येऊ नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, कारण त्याची वेळ जवळ आली आहे. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याआधी, हस्त नक्षत्र लागलं की, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस, टोमॅटो, वांगी आणि मिरचीचं बी पावसाच्या आडोशाला ट्रेमध्ये टाकावं. पंचवीस-तीस दिवसांत रोपं लावणीला येतात. दसऱ्याला मोठ्या कुंड्यांची माती उपसून उन्हात पसरावी, कारण चार महिन्यांच्या पावसाने तिच्यातलं सत्त्व धुऊन गेलेलं असतं. नुसती पाण्याने घट्ट बसलेली माती उरते. तिच्यात निम्मं चांगलं कुजलेलं खत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी आणि दिवाळीच्या आसपास रोपं लावावीत. टोमॅटोचं रोप लावताना देठ खालच्या पानापर्यंत मातीत पुरावा, त्या पुरलेल्या देठाला मुळं फुटतात. लावणीनंतर साधारण दोन-सव्वादोन महिन्यांनी फळ पिकायला लागतं, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला. मार्चमध्ये रात्री गरम झाल्या की फुलगळ सुरू होते, मग झाड काढून टाकावं, ओढाताण करू नये. टोमॅटोला आपल्याकडे एवढीच खिडकी आहे, नोव्हेंबर ते मार्च. पण या खिडकीत तो इतका लागतो की चार झाडांवर चौघांच्या घराची आमटी-भाजी निघते.

मेथीसाठी तर मुंबईची स्वतःची पद्धत आहे. समुद्रमेथी म्हणून ज्या चिमुकल्या जुड्या विकायला येतात ती वाळूत पेरलेली मेथी. मासळीच्या रिकाम्या उथळ क्रेटमध्ये कापड घालून त्यावर चार बोटं वाळू पसरावी, भिजवलेले मेथीदाणे दाट पेरावेत आणि रोज पाणी शिंपडावं. दहा-बारा दिवसांत मुळासकट उपटून भाजी करता येते. खत नको, खोल कुंडी नको. लहान मुलांना सुरुवात करून द्यायला याच्याइतकं सोपं काही नाही. माझी नात यावरच शिकली. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन फाकी कराव्यात आणि दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरावेत. पालक, मुळा, चवळाई सगळं या दिवसांत होतं. गाजराबद्दल मात्र मी खरं तेच सांगते, आमच्याकडे ते बारीकच राहतं. भोगीपुरतं गाजर बाजारातून आणावं आणि ती कुंडी वालाला द्यावी.

वालावर माझा जीव आहे. अलिबागकडे भात कापलं की नोव्हेंबरमध्ये त्याच ओलीवर वाल टाकतात, वेगळं पाणी देत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात आणि मग पोपटी लागते, म्हणजे भांबुर्ड्याच्या रानपाल्यात, मडक्यात शेंगा भाजतात. घरी वालाच्या आठ-दहा बिया एका रुंद कुंडीत टोचल्या तरी पोपटीएवढ्या नाही, पण बिरड्याला चव आणण्याएवढ्या ताज्या शेंगा मिळतात. शिवाय वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत धरून ठेवतात. म्हणून ज्या कुंडीत यंदा टोमॅटो, तिच्यात पुढच्या वर्षी वाल, असा फेरपालट करावा.

गॅलरीतल्या उन्हाबद्दल एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तो इथल्या आकाशात अर्ध्यावरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट आतपर्यंत येतं, टोमॅटोसाठी ती उत्तम जागा. उत्तरेची गॅलरी त्या काळात थंड अंधारी असते, तिथे टोमॅटो लावून उपयोग नाही. पण मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथपासून जुलैच्या अखेरच्या शून्य सावलीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या अडीच महिन्यांत उत्तरेच्या गॅलरीलाही ऊन मिळतं. ती माणसं मेमध्ये वेल चढवू शकतात. आपली गॅलरी कुठल्या दिशेला आहे ते आधी बघावं, रोपवाटिकेत मग जावं.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही. फेब्रुवारीत गवार, भेंडी, चवळी टाकावी, वर हिरवी जाळी बांधावी, मातीवर नारळाच्या शेंड्यांचं किंवा सुक्या पानांचं आच्छादन घालावं आणि पाणी सकाळी लवकर द्यावं. मिरचीचा चुरडा-मुरडा याच दिवसांत वाढतो, पानं मुडपली की शेंडे खुडून लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारावं. मोरबे धरणाचं पाणी आपल्याला मिळतं म्हणून ते नळीने सांडावं असं नाही. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी कुंड्यांना पुरतं.

फळझाडं जमिनीत लावायला जागा असेल तरच मोठी लावावीत. आमच्या अंगणात एक केळ, एक पपई आणि कुंपणाशी शेवगा आहे, लिंबू गच्चीवर अर्ध्या पिंपात. पपईच्या बुंध्याशी पाणी साचलं तर ती दोन-तीन दिवसांत जाते, म्हणून मातीचा उंच ढीग करून त्यावर लावावी. बियांपासून लावताना एका खड्ड्यात तीन रोपं ठेवावीत आणि फुलं आल्यावर नर झाड काढावं. शेवगा शेंगा संपल्या की माणसाच्या उंचीवर छाटावा, नाहीतर जुलैच्या वाऱ्यात मोडतो. छाटला की गोकुळाष्टमीला भाजीपुरता कोवळा पाला हाताशी असतो. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यागत दिसणारी अळी सापडते, ती फुलपाखराची असते. झाड मोठं असेल तर मी तिला राहू देते, लहान रोपावरची उचलून मोठ्या झाडावर ठेवते. हापूसची कोय अंगणात लावण्याचा मोह मात्र टाळावा. चिंचोळ्या जागेत तो वीस वर्षांनी शेजाऱ्याच्या भिंतीवर जातो आणि मग मोठं झाड तोडण्याचं दुःख होतं.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा हिशोब करावा, हे मी कळकळीने सांगते. भारतीय मानकांनुसार माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरलेला असतो. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा वाफा त्याच एक चौरस मीटरवर ५०० किलोच्या आसपास वजन टाकतो. आपल्याकडच्या पुष्कळ इमारती जुन्या झाल्या आहेत, गळतीने आधीच हैराण आहेत. सबंध गच्चीवर माती पसरू नये. कुंड्या तुळयांच्या आणि कठड्याच्या रेषेत ठेवाव्यात, मिश्रण हलकं करावं, आणि त्याआधी स्थापत्य अभियंत्याला एकदा दाखवावं.

हलकं मिश्रण फुकट मिळू शकतं, आणि त्याबद्दल माझं सोसायट्यांशी भांडण आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या संकुलांवर ओला कचरा आवारातच जिरवायची जबाबदारी टाकली. त्यामुळे मोठ्या संकुलांत खताचे ड्रम आले. पण ते खत वापरणार कोण? आवारातली माती बहुतेकांनी पेव्हर ब्लॉकखाली गाडली आहे आणि उरलेल्या पट्ट्यात शोभेची झुडपं लावून ‘भाजी लावू नये, अस्वच्छता होते’ असा ठराव केला आहे. आमच्या ओळखीतल्या एका संकुलात तयार खताच्या गोणी पार्किंगमध्ये पडून आहेत आणि त्याच संकुलातल्या बायका रोपवाटिकेतून खत विकत आणतात. खत प्रत्येक घराला पाच-पाच किलो वाटावं, कुंपणाची कडा सोडून चार हात माती उघडी ठेवावी आणि ज्यांना हवी त्यांना ती वाफ्यापुरती द्यावी. याला पैसा लागत नाही, एक सर्वसाधारण सभा लागते.

आणि हे काही नवं, अशक्य असं मागणं नाही. कोल्हापूरच्या प्रा. श्रीपाद दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून लोकांना घरचा पालापाचोळा आणि थोड्या जागेतलं ऊन मोजून वापरायला शिकवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर कामगारांच्या जेवणातला ओला कचरा जिरवून भाज्या आणि फळझाडं उभी राहिली. तीही खारं वारं, तोच पाऊस आणि तेच काँक्रीट सांभाळून. आपल्या शहरांत असा एक तरी वाफा प्रत्येक संकुलात का असू नये?

संपादक महोदय, आपल्याकडे मागणं आहे ते असं. आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर दर पंधरवड्याला, नक्षत्राच्या बदलाबरोबर, एक छोटी चौकट द्या. या पंधरवड्यात आपल्या किनारपट्टीवर काय टाकावं, काय काढावं, कुठली कीड येईल, एवढंच. मजकूर दापोलीच्या विद्यापीठाकडून, कोसबाडच्या किंवा रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडून तपासून घ्या, त्यांना ही हवा ठाऊक आहे. येऊरच्या पाड्यांवरच्या आणि आगरी गावांतल्या भाजी पिकवणाऱ्या बायकांनाही विचारा, त्यांच्या नावाने छापा. आणि आपल्या पानावर रोपवाटिकांच्या जाहिराती येतात, त्यांना एवढं कळवा की जूनमध्ये फ्लॉवर-टोमॅटोची रोपं विकू नयेत, ती ऑक्टोबरसाठी तयार करावीत.

समोरच्या त्या मुलीच्या कुंड्या मी कुणाला देऊ दिलेल्या नाहीत. त्या गच्चीच्या जिन्याखाली पालथ्या ठेवल्या आहेत आणि तिच्यासाठी टोमॅटोचं आणि वालाचं बी काढून ठेवलं आहे. तिच्यासारखे पुष्कळ वाचक आपल्याकडे असतील. हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या सुमाराला लागतं. पहिली चौकट त्याच्या आधीच्या शनिवारी आली तर त्यांना बी टाकायला वेळ मिळेल.

आपली नम्र,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)